मजुराची मजुरी: कायदा काय सांगतो, विश्वास काय मागतो



१ मे हा दिवस आपल्याकडे तीन नावांनी येतो. तो महाराष्ट्र दिन आहे, जागतिक कामगार दिन आहे आणि कामगार संत जोसेफ यांचा सणही आहे. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या दिवशी आपण मिस्सामध्ये नाझरेथच्या सुताराविषयी प्रवचन ऐकतो, श्रमाचे मोल ऐकून भारावून जातो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर जाऊन बिगाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. या दोन सकाळींचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही, याचा अभ्यास आपण आजच्या पाठात करणार आहोत.

'बिगारी' हा शब्द आला कुठून?

गवंड्याच्या हाताखाली विटा आणि रेती वाहणाऱ्याला आपण सहजपणे 'बिगारी' म्हणतो. हा शब्द 'वेठबिगार' मधला आहे. वेठ म्हणजे मोबदला न देता जबरदस्तीने करून घेतलेले काम. म्हणजे आज ज्याला आपण रोज देतो, त्याच्या नावातच कधी काळी काहीच न दिल्याची आठवण राहिली आहे.

ही आठवण फार दूरची नाही. आजचा आपला पालघर जिल्हा त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. तिथल्या तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात वारली बांधव जमीनदारांच्या शेतांवर वेठीला जात. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे वर्षानुवर्षे राबत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी गवत कापणीसाठी ठरावीक दर मिळावा म्हणून त्यांनी संप केला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे त्यांच्या जमावावर गोळीबार झाला आणि माणसे मेली. परुळेकर दांपत्य कम्युनिस्ट होते. त्यांच्या विचारसरणीशी आपले मतभेद असू शकतील. पण त्या गवत कापणाऱ्यांची मागणी काय होती? केलेल्या कामाचे पोट भरण्याइतके पैसे. ही मागणी बायबलमधलीच आहे, हे आपण पुढे पाहू.

कायदा कसा आला?

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मांडले. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली त्याचा कायदा झाला. ज्या धंद्यांत मजूर विखुरलेले आहेत, त्यांची संघटना नाही आणि मालकाशी भाव ठरवण्याची त्यांची ताकद नाही, तिथे सरकारने मजुरीची खालची रेषा आखून द्यावी, हा या कायद्याचा गाभा होता.

ही रेषा कशी ठरवायची? १९५७ साली भारतीय श्रम परिषदेने त्याचे माप ठरवले. मजूर, त्याची पत्नी आणि दोन मुले असे कुटुंब धरायचे. दोन लहान मुलांचे खाणे कमी म्हणून हे चार जण मिळून तीन प्रौढांइतके मोजायचे. प्रत्येक प्रौढाला दिवसाला २,७०० कॅलरींचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घराचे भाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण रकमेचे २० टक्के धरायचे. पुढे १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की माणूस केवळ अन्न-वस्त्रावर जगत नाही. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सण, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत.

न्यायालयाने त्याआधीच एक मोठी गोष्ट सांगितली होती. दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी बांधकामे चालू होती. तिथल्या मजुरांना किमान वेतनाहून कमी पैसे मिळत होते. त्या प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे वेठच होय. घटनेच्या कलम २३ ने वेठीला बंदी घातली आहे. मजूर 'स्वखुशीने' आला होता, ही सबब तिथे चालली नाही. ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही, त्याची खुशी ही खुशी नसते, भूक त्याला ढकलत आणते, असा त्या निकालाचा आशय आहे.

२०१९ साली संसदेने वेतन संहिता मंजूर केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. या संहितेतल्या चार गोष्टी आपण लक्षात ठेवू:

१. केंद्र सरकार देशासाठी एक तळवेतन ठरवील आणि कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही.

२. एकाच प्रकारच्या कामासाठी स्त्रीला पुरुषापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. (हा नियम नवा नाही, १९७६ पासूनच तो कायद्यात आहे.)

३. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम करून घेतले तर जादा वेळेचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतील.

४. रोजंदारीवरच्या मजुराचे पैसे त्या दिवसाचे काम संपताच, तर महिन्याच्या कामगाराचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागेल.

चौथा नियम वाचताना आपल्याला काही आठवले का?

पवित्र शास्त्र काय सांगते?

अनुवाद या ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात मोशेने हाच नियम दिला आहे. गरीब मजूर तुझ्या भाऊबंदांतला असो की तुझ्या गावात राहणारा परका असो, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो तिच्यावर जीव लावून बसलेला असतो, असे मोशे सांगतो. 'परका' हा शब्द आपण मुद्दाम वाचावा. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशामधून आलेला बिगारी त्यात आला. लेवीय १९ मध्येही मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेण्यास मनाई आहे. यिर्मया संदेष्टा तर राजालाच बोल लावतो, कारण त्याने शेजाऱ्याला फुकट राबवून आपला वाडा बांधला (यिर्मया २२). सिराकच्या ३४ व्या अध्यायात मजुराचे वेतन बुडवणे हे रक्त सांडण्यासारखे मानले आहे. नव्या करारात याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंत शेतमालकांना बजावतो की तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांच्या यादीत, खुनाच्या बरोबरीने मजुराची मजुरी बुडवण्याचे पाप मोजले आहे.

आणि प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०)? तो देवाच्या उदारतेविषयी आहे, हे खरेच. पण त्यातले चित्र आपल्या नाक्यावरचेच आहे. मजूर पहाटेपासून बाजारात उभे आहेत. संध्याकाळचे पाच वाजले तरी काही तसेच उभे आहेत, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेच नाही. मळ्याचा धनी त्यांनाही एक दिनार देतो. दिनार म्हणजे त्या काळचा एक दिवसाचा रोज, ज्यावर घरातल्यांचे त्या दिवसाचे जेवण अवलंबून असे. तासाभराच्या कामाचे पैसे घेऊन मजूर घरी गेला असता तर मुले उपाशी झोपली असती. धन्याने तास मोजले नाहीत, त्याने घरची भूक पाहिली.

पोप महोदयांची शिकवण

१५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक लिहिले. कारखान्यांच्या त्या काळात अनेक जण म्हणत की मालक आणि मजूर यांनी आपसात ठरवले की संपले, तिसऱ्याने मध्ये पडू नये. पोप महोदयांनी हे नाकारले. कराराच्याही वर एक नैसर्गिक न्याय आहे. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचे पोट भरेल एवढी मजुरी असलीच पाहिजे, असे त्यांनी शिकवले. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी त्यात कुटुंबाची भर घातली. मजुरी केवळ एकट्या कामगाराला नव्हे, त्याच्या घराला पुरली पाहिजे. त्याच वेळी धंद्याची परिस्थिती आणि सर्वांचे हितही पाहावे, असेही त्यांनी सांगितले. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी एक कसोटीच दिली. एखादी समाजव्यवस्था न्याय्य आहे की नाही हे तपासायचे, तर तिथे मजुराच्या हातावर काय पडते ते पाहा.

या शिकवणीचा परिणाम चर्चच्या भिंतींबाहेरही झाला. अमेरिकेत फादर जॉन रायन यांनी १९०६ साली जगण्यापुरत्या वेतनावर ग्रंथ लिहिला आणि पुढे मिनेसोटा राज्यात १९१३ मध्ये किमान वेतनाचा कायदा होण्यासाठी त्यांनी काम केले. १९३८ मध्ये तो हक्क साऱ्या अमेरिकेसाठी कायद्यात आला; पहिला दर ताशी २५ सेंट होता. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही तेराव्या लिओंच्या याच परिपत्रकाची आठवण ठेवून.

मजुरी वाढवली तर कामच जाईल काय?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि आपण त्याला प्रामाणिकपणेच सामोरे जाऊ. मजुरी महागली की मालक माणसे कमी करील, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके बरीच वर्षे शिकवीत होती. १९९२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी दोन्हीकडच्या चारशेहून अधिक खाद्यगृहांतील नोकऱ्या मोजल्या. न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या आढळल्या नाहीत. २०२१ साली कार्ड यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, त्यात या कामाचा वाटा होता.

मात्र कितीही वाढवा, काही होत नाही, असा याचा अर्थ नाही. अमेरिकेतच किमान वेतन २०२५ पर्यंत ७.२५ वरून १५ डॉलरवर न्यावे असा प्रस्ताव २०२१ मध्ये होता. तिथल्या संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने तेव्हा हिशेब मांडला की त्यामुळे ९ लाख माणसे दारिद्र्यातून वर येतील, पण १४ लाख नोकऱ्याही कमी होतील. म्हणजे वाढ किती आणि किती वेगाने, याला महत्त्व आहे. बेतशीर आणि नियमित वाढ मजुराला तारते. वर्षानुवर्षे काहीच न करता एकदम मोठी उडी मारायची म्हटले की धंदा आणि मजूर दोघेही घाबरतात.

आपल्या देशात चूक नेमकी दुसऱ्या बाजूला झाली आहे. १९९६ साली देशपातळीवरचे तळवेतन दिवसाला ३५ रुपये ठरले. ते थोडे थोडे वाढत २०१७ मध्ये १७६ रुपयांवर आले. २०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने आहार, कपडे, घरभाडे यांचा हिशेब करून ३७५ रुपये सुचवले. दोन आकड्यांतले अंतर दुपटीहून अधिक आहे. त्या अंतरात कोणाच्या तरी मुलाचे दूध आहे, कोणाचे तरी औषध आहे.

आणखी एक मर्यादाही आपण मान्य करू. ज्याला कामच नाही, त्याला किमान वेतनाचा उपयोग नाही. समजा, एका मजुराला रोज ५०० रुपये मिळतात. आपण मनात लगेच महिन्याचे १५ हजार धरतो. पण सुट्टीचे, पावसाचे, आजारपणाचे आणि नाक्यावरून रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस वजा केले आणि २० दिवस काम मिळाले, तर हाती १० हजार येतात. चार माणसांत आणि ३० दिवसांत वाटले तर माणशी दिवसाला ८३ रुपये. खोलीचे भाडे, गॅस, रेशन, शाळा, सगळे त्यात.

आता आपल्या अंगणात

इथवर सरकार, न्यायालय, पोप महोदय यांच्याविषयी वाचणे सोपे होते. आता थोडे कठीण वाचन आहे.

आमच्या लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एकदा आम्ही याकोबाच्या पत्रातील हाच उतारा वाचला. चर्चा रंगली. कारखानदार, ठेकेदार, बिल्डर सर्वांवर बोलून झाले. मग कोणीतरी सहज विचारले, "आपण आपल्या कामवालीला किती देतो?" क्षणभर कोणी बोलले नाही. मग कागद काढला. चार घरे निघाली, त्यांत तिघांकडे एकच बाई काम करत होती. पाच वर्षांपूर्वी जे ठरले होते तेच आम्ही देत होतो. त्याच पाच वर्षांत दुधाचा, गॅसचा, रिक्षाचा दर किती वाढला याची तक्रार आम्हीच दर आठवड्याला करत होतो. आमच्यातल्या एकीने दुसऱ्या दिवशी तिला विचारले, "अगं, तू कधी मागितलं का नाहीस?" ती म्हणाली, "आंटी, मागितलं आणि तुम्ही नको म्हटलंत तर एक घर जाईल. मग खोलीचं भाडं कुठून भरू?"

हे ऐकल्यावर 'ती खुशीने येते' असे आम्हाला पुन्हा म्हणता आले नाही.

घरकामगार बाईच्या पाठीशी कायदा अजून पुरता उभा नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आणि मदतीची तरतूद आहे, पण मजुरीचा दर त्याने ठरवला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करावा असे केंद्र सरकारला सांगितले. कायदा येईल तेव्हा येईल. मोशेचा नियम मात्र कधीचाच आलेला आहे.

वाडीचेही तसेच. पुरुष गड्याला एक दर आणि तेच निंदणी-खुरपणीचे काम दिवसभर करणाऱ्या बाईला त्याहून कमी, ही रीत आपल्यात अजून दिसते. "पूर्वीपासून असेच आहे," असे आपण म्हणतो. वेठही पूर्वीपासूनच होती.

आपल्यातले शेतकरी म्हणतील, फुलाला आणि भाजीला भाव नाही, आम्ही कुठून द्यायचे? ही अडचण खरी आहे आणि पोप अकरावे पायस यांनीही ती ओळखली होती. पण भाव पडला की तोट्याचा पहिला भार मजुराच्या रोजावर टाकायचा आणि भाव चढला की वाढ मात्र द्यायची नाही, याला न्याय म्हणता येणार नाही.

आणि धर्मग्राम म्हणून आपण? चर्च झाडणारा, कबर खणणारा, आपल्या संस्थांतील शिपाई आणि आया हे सुद्धा मजूर आहेत. १९७१ साली रोम येथे भरलेल्या बिशपांच्या सिनडने स्पष्ट सांगितले की जो लोकांना न्यायाची शिकवण देतो, त्याने आधी स्वतः न्यायी दिसले पाहिजे, आणि ख्रिस्तसभेसाठी श्रम करणाऱ्यांना पुरेसे वेतन मिळाले पाहिजे. सेवा म्हणून काम करणारा आपल्या आनंदाने करतो. पण ज्याचे पोट त्या कामावर आहे, त्याला 'देवाचे काम आहे' असे सांगून कमी देणे बरोबर नाही.

आपल्यातली अनेक तरुण मुले-मुलीही आज कंत्राटावर दुकानांत, गोदामांत, इस्पितळांत काम करतात. त्यांनी आपला हक्क ओळखावा. वेतनाची पावती मागावी आणि हजेरीची नोंद स्वतःकडे ठेवावी. पैसे कमी मिळाले तर तीन वर्षांच्या आत कामगार खात्याकडे दावा करता येतो. पैसे दिले की नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या संहितेने मालकावर टाकली आहे.

आपण काय करू शकतो?

• घरकाम आणि वाडीकाम यांचा दर दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, म्हणजे १ मे रोजी, आपण स्वतःहून वाढवावा. मागायची वेळ तिच्यावर आणू नये.

• आठवड्याची एक सुट्टी आणि आजारपणाचे खाडे भरपगारी धरावेत.

• रोजाचे पैसे त्याच संध्याकाळी द्यावेत. 'सुट्टे नाहीत, उद्या ये' हे शब्द विसरावेत.

• घर बांधताना ठेकेदाराला केवळ चौरस फुटाचा दर विचारू नये, "बिगाऱ्याला किती देणार?" हेही विचारावे.

• आपल्या प्रभागासाठी सरकारने ठरवलेले किमान वेतनाचे दर मिळवून ते समूहात वाचावेत. ती खालची रेषा आहे. तिच्यावर आपण किती देऊ शकतो हे प्रत्येकाने ठरवावे.

समूहात चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरी काम करणाऱ्या व्यक्तीच्या कुटुंबात किती माणसे आहेत आणि त्यांचा महिना कसा निघतो, हे आपल्याला माहीत आहे का?

२. तिची मजुरी शेवटची कधी वाढली? आपला पगार किंवा पेन्शन शेवटची कधी वाढली?

३. मळ्याच्या धन्यावर कुरकुरणाऱ्या मजुरांमध्ये आपण कोठे उभे आहोत?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरात वाढलास आणि घामाची भाकर खाल्लीस. आमच्या घरात, वाडीत आणि चर्चमध्ये जे हात राबतात ते आम्हाला दिसू देत. त्यांचे देणे आमच्याकडे राहिले असेल तर ते आजच, सूर्य मावळण्याआधी, फेडण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.